चोराला ताटकळत ठेवू नका

देवगिरी एक्स्प्रेसला परभणीत चढलेला आपला माणूस बघा. सेलू यायच्या आत त्याने बॅगा बर्थखाली सरकवून साखळी आवळलेली असते, कुलूप दोनदा ओढून पाहिलेलं असतं आणि किल्ली करदोड्याला बांधलेली असते. चपला उशाशी. पाकीट आतल्या खिशात, त्याला वरून सेफ्टी पिन. एवढं करूनही जालन्यापर्यंत तो एका डोळ्यानंच झोपतो.

हाच माणूस युरोपात उतरतो, भाड्याची गाडी घेतो आणि त्याला अचानक साक्षात्कार होतो, की इकडं चोरी होत नाही. का, तर जर्मनीत म्हणे पेपरच्या डब्याशी कोणी बसलेलं नसतं, लोक आपणहून नाणं टाकतात आणि पेपर उचलतात. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, हे आपण लहानपणापासून ऐकतोय, तेव्हा जर्मनीबद्दल शंका घेणं म्हणजे घरच्यांवर संशय घेण्यासारखं. आणि जर्मनीला लागून जेवढं आहे ते सगळं जर्मनीच.

ही श्रद्धा मोडू देऊ नका. तिकडच्या बऱ्याच जणांची चूल तिच्यावर पेटते. आपण पाहुणे म्हणून जातोय, तर त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

पहिलं म्हणजे गाडी लहान आणि सामान मोठं घ्या. मधल्या आकाराच्या गाडीची डिकी दोन मोठ्या बॅगांत भरते, आपण चार माणसांचे नऊ नग नेतो. धपाट्यांचा डबा वेगळा. उरलेले नग मागच्या सीटवर येतात आणि त्यांच्यावर चादर टाकायची असते. चादर अगदी आवश्यक. उघड्या बॅगेकडं एखाद्याचं लक्ष जायचं राहूनही जाईल. पण रिकाम्या सीटला कोणी पांघरूण घालत नाही, एवढं गणित त्या धंद्यातल्या पोरालाही येतं. मागच्या काचेवर भाड्याच्या कंपनीचा बारकोड असेल तर तो काढायच्या भानगडीत पडू नका. दारावरच्या तोरणासारखा असू द्या, घर कुणाचं ते लांबून कळतं.

आता मुख्य विधी. काही शहाणी माणसं पर्स, कॅमेरा, लॅपटॉप सगळं डिकीत टाकूनच मुक्कामावरून निघतात आणि पार्किंगला आल्यावर डिकीला हातही लावत नाहीत. गाडी लावली, उतरले, चालले. यात मजा काय? तुम्ही पार्किंगमध्ये या. सगळे खाली उतरा. डिकी सताड उघडा. एकेक नग काढून खाली मांडा, मोजा, परत भरा. पर्स मधोमध खुपसा, वरून जॅकेट टाका, मग टिश्यू पेपर राहिला म्हणून पुन्हा काढा. दहाएक मिनिटं तरी चाललं पाहिजे. मधेच मोठ्यानं विचारा, "पासपोर्ट कुठं ठेवलेत हो?" आणि हातानं दाखवून उत्तर द्या, "निळ्या बॅगेत, वरच्या कप्प्यात." मराठी तिकडं कुणाला कळतंय! खरंय, बाकीचं काही कळत नाही. पासपोर्ट हा शब्द मात्र सगळ्यांना कळतो.

मग वीस पावलं चालून गेल्यावर, मागे न बघता, खांद्यावरून किल्लीचं बटण दाबा. सिनेमात दाबतात तसं. त्याच लहरीवर गोंधळ घालणारं यंत्र खिशात घेऊन कोणी शेजारच्या गाडीला टेकलेला असेल, तर तुमचा संदेश गाडीपर्यंत पोचतच नाही आणि दार उघडंच राहतं. परत जाऊन दार ओढून बघितलं तर हे समजतं. पण दार ओढून बघायला ती काय परभणीची गाडी आहे?

दार नीट लागलंच तरी नाउमेद होऊ नका, काच आहे. गाडीच्या बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात. कोपर मारलं तर हात दुखेल, पण स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीचा हरभऱ्याएवढा तुकडा नेमका लागला, तर अख्खी काच एकदम खाली बसते. सॅन फ्रान्सिस्कोत ही कला फार पुढं गेलीय. २०१७ साली तिथं गाड्या फोडून चोरी झाल्याच्या ३१,००० हून अधिक तक्रारी पोलिसांकडं आल्या होत्या. तिथले कलाकार मागची छोटी काच फोडतात, आत हात घालून सीट पुढं पाडतात आणि डिकीत काय आहे ते बघून घेतात. म्हणजे डिकीवर विसंबणाऱ्यांचीही निराशा होत नाही.

स्पेनमध्ये जाणार असाल तर पद्धत जास्त प्रेमळ आहे. फ्रान्सच्या हद्दीवरून बार्सिलोनाकडं जाणाऱ्या मोठ्या महामार्गावर शेजारून एक गाडी येते, आतला माणूस तुमच्या टायरकडं बोट दाखवतो. परक्या मुलखात इतकी माणुसकी बघून आपल्याला गहिवरून येतं. थांबा. सगळे खाली उतरा, चौघांनी मिळून एकाच चाकाकडं वाका. दुसऱ्या बाजूचं दार तोवर दुसरा माणूस सांभाळतो.

विम्याची काळजी नको. गाडीसोबत घेतलेला विमा गाडीचा असतो, तुमच्या बॅगेचा सहसा नसतो. प्रवासाचा विमा काढला असेल तर त्यात बेवारस गाडीतल्या सामानाबद्दल एक बारीक अक्षरातली ओळ असते. ती घरी परतल्यावर वाचायची.

रेल्वे स्टेशनजवळ सामानघरं असतात. बॅगेमागं काही युरो घेतात. त्या युरोचे रुपये करा, तेवढ्यात परभणीत किती जणांचं जेवण होतं ते मोजा आणि बॅगा गाडीतच ठेवा. आम्ही असंच मोजलं होतं.

आम्ही म्हणजे मी, आमच्या मंडळी, म्युनिकमध्ये नोकरी करणारी लेक आणि जावई. गाव पिसा. तिथला मनोरा बघितला. उंची ५६ मीटरच्या आसपास, आणि कललेला. आपला दौलताबादचा चांद मिनार साठ मीटरच्या वर आहे, पाच-सहाशे वर्षांपासून ताठ उभा आहे, म्हणून त्याच्यासोबत कोणी फोटो काढत नाही. बांधताना कोणी थोडा हलगर्जीपणा केला असता तर आज दौलताबादला विमानतळ असता. असो. मनोऱ्याला तळहातानं आधार देतानाचा माझा फोटो जावयानं अकरा वेळा काढला, कारण दर वेळी हात मनोऱ्याच्या आरपार जात होता. मंडळी म्हणाल्या, "काय करायलात, पडू द्या की त्याला."

परत आलो तर गाडीच्या मागच्या सीटवर खडीसाखर सांडली होती. मला खरोखर तसंच वाटलं. हिरवट झाकेचे, डाळीएवढे दाणे, चादरीच्या घड्यांत अडकलेले. चादर होती. नीट घडी करून बाजूला ठेवलेली होती, हे मी शपथेवर सांगतो. धपाट्यांचा डबा उघडून परत लावलेला. निळी बॅग नव्हती.

पासपोर्ट वाचले, कारण माझ्या सूचना धुडकावून मंडळींनी ते ब्लाउजपीसच्या पिशवीत शिवून पोटाशी बांधले होते. नाहीतर रोमची वकिलात बघायला मिळाली असती आणि तिथून एक कागद मिळाला असता, ज्याच्यावर फक्त भारतात परत येता येतं. तोही एक अनुभव हुकला.

काराबिनिएरींच्या, म्हणजे इटलीतल्या पोलिसांच्या, चौकीत तक्रार लिहून द्यावी लागते, तिला तिकडं देनुन्चा म्हणतात. समोरचा जवान मुलगा सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, बॅगेत काय काय होतं? लेक इटालियन-इंग्रजी जुळवत सांगत गेली. कपडे. औषधं. चार्जर. शेंगदाण्याची चटणी, दोन पाकिटं. मग मी कानात सांगितलं ते तिनं ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, हे नको लिहायला."

मी म्हटलं, लिही. गेलं ते सगळं लिहायचं असतं.

तिनं सांगितलं. त्या पोरानं टाइप करायचं थांबवून मान वर केली आणि पुन्हा विचारलं. सामान बांधायची लोखंडी साखळी, एक नग. कुलपासह. बॅगेच्या आत.

किल्ली माझ्याकडं होती. मी करदोडा चाचपून पाहिला.