किंगेलेझ शाळेत गेले होते, शिकवतही होते

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. रंगीबेरंगी इमारतींच्या शहराचा फोटो आणि खाली मजकूर : ‘आफ्रिकेतल्या बारा वर्षांच्या निरक्षर मुलाने उकिरड्यावरच्या कचऱ्यातून हे शहर उभं केलं. शाळेची पायरीही न चढलेल्या या मुलाचं शहर आता तिथलं सरकार खरोखर बांधतंय. डिग्र्या घेऊन काय मिळतं?’ दहावीतल्या माझ्या भाच्याने तो वाचून विचारलं, "मामा, मग क्लास कशाला लावायचा?" त्याची समजूत घातली. परवा तोच मजकूर शेजारच्या काकूंनीही पाठवला, तेव्हा मात्र राहवेना.

फोटो आहे काँगोचे कलाकार बोडिस इसेक किंगेलेझ यांच्या ‘व्हिल फाँतोम’ (फ्रेंचमध्ये ‘भुताटकीचं शहर’) या कागद-पुठ्ठ्याच्या मॉडेलचा. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्यात हे शहर होतं आणि मी सांगतोय ती बरीचशी माहितीही तिथलीच.

बारा वर्षांचा मुलगा? किंगेलेझ यांचा जन्म १९४८चा. काँगो स्वतंत्र झाला तेव्हा, म्हणजे १९६० साली, ते बाराव्या वर्षात होते. ‘व्हिल फाँतोम’ आहे १९९६चं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाचं काम आहे ते.

आता निरक्षर हा शब्द. माझा सगळा राग या एका शब्दावर आहे. किंबेंबेले-इहुंगा नावाच्या गावातून हा माणूस १९७० साली पुढच्या शिक्षणासाठी राजधानी किन्शासाला आला. माध्यमिक शाळेत शिक्षक होता. पुढे कागद, कात्री आणि गोंद हातात घेतला आणि एक इमारत केली. ती राष्ट्रीय संग्रहालयाच्या लोकांना दाखवायला नेली, तर हे याने स्वतः केलंय यावर त्यांचा विश्वासच बसेना. चोरून आणलं असेल अशी शंका! मग किंगेलेझ यांना तिथेच, सगळ्यांच्या नजरेखाली, दुसरी इमारत करून दाखवावी लागली. ती पाहून संग्रहालयाने त्यांना जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीच्या कामावर ठेवून घेतलं. म्हणजे ‘हे तू केलंसच नाहीस’ हे त्यांनी जिवंतपणी ऐकलं. २०१५ साली ते गेले आणि आता आपण त्यांचं नाव, वय, शिक्षण सगळं पुसून त्याच फोटोखाली कुठल्याशा पोराची गोष्ट चिकटवतोय.

कचऱ्याचं म्हणाल तर थोडं खरं आहे, ते मान्य करतो. कोल्ड्रिंकचे डबे, बाटल्यांची बुचं, खोक्यांचे पुठ्ठे, टूथपिक हे त्यांच्या कामात दिसतं. पण त्याच्याबरोबर रंगीत कागद आणि कार्डबोर्डही आहे, आणि प्रत्येक तुकडा निवडून, मोजून कापलेला आहे. भाच्याला म्हटलं, नुसती एक गोल गच्ची करून दाखव. पुठ्ठ्याची पट्टी वाकवली की मधेच मोडायची, कडेला पांढरे तंतू सुटायचे, गोंद बाहेर यायचा. ‘व्हिल फाँतोम’ जवळजवळ पावणेसहा मीटर लांब आहे. त्यातल्या गच्च्या, कमानी, पंख्यासारखे उघडलेले मनोरे बघा आणि मग ‘उकिरडा’ म्हणा.

सरकार शहर बांधतंय, हे तर साफ खोटं. ती मॉडेलं आहेत आणि मॉडेलंच राहिली. १९९७च्या एका कामाला मात्र त्यांनी ‘तिसऱ्या सहस्रकातल्या किन्शासाचा प्रकल्प’ असं नाव दिलं होतं. आपलं शहर कसं असावं हे सांगायची त्यांना खरीच तळमळ होती. १९९१ साली, एड्सने माणसं मरत असताना, त्यांनी एड्सच्या रुग्णांसाठी हॉस्पिटलचं मॉडेल केलं. स्वतःच्या शेतकरी गावाचं १९९४ मध्ये गगनचुंबी इमारतींचं महानगर करून टाकलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला यातलं एक वाक्यही घालावंसं वाटलं नाही.

डिग्रीचा मुद्दा उरला. वास्तुकलेचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं, हे बरोबर. पण त्यावरून शाळा सोडा म्हणणं, तेही स्वतः मास्तर असलेल्या माणसाचं काम दाखवून, हे मला सहन होत नाही.

काकूंना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी फॉरवर्ड काढून टाकला आणि खऱ्या नावानिशी फोटो पुन्हा पाठवला. भाचा क्लासहून आला की पुठ्ठा घेऊन बसतो. चौथी पट्टी काल रात्री न मोडता वाकली.