न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे: एसी बसवण्याच्या फिरत्या मेसेजला उत्तर

‘एसी बसवायला कंपनीला दोन-तीन हजार कशाला देता? गावातल्या वायरमनकडून घरीच बसवा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. सेलूच्या आमच्या दाजींनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वायरमन सांगून ठेवलाय, उद्या येतोय.’ दाजींना मी फोन करून थांबवलं. पण परभणी-जालन्याकडे हाच मेसेज वाचून किती जणांनी भिंतीला भोकं पाडली असतील, या काळजीने लिहायला बसलो. एसी-फ्रीज दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो. मेसेज म्हणतो, ‘घरात अर्थिंग नसेल तर अडून बसू नका. बोर्डात न्यूट्रलवरून वायरचा तुकडा घेऊन अर्थच्या मोठ्या भोकाला जोडा. शेवटी दोन्ही जमिनीतच जातात.’

डीपीपाशी, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रल जमिनीत घातलेला असतो, एवढं खरं आहे. पण डीपीपासून तुमच्या मीटरपर्यंत तोच न्यूट्रल खांबांवरून येतो. मे महिन्यात वावटळ सुटली, वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे काय काय तुटतं हे कुणाला सांगायला नको. समजा तो न्यूट्रल तुटला किंवा नुसता ढिला झाला. घरात एखादा दिवा किंवा पंखा चालू असेल, तर त्यातून फेज पुढे न्यूट्रलच्या वायरीत येतो आणि त्या तुकड्यातून थेट एसीच्या पत्र्यावर. बाहेरचं युनिट लोखंडी स्टँडवर, स्टँडला बांधलेली कपडे वाळवायची तार, त्या तारेला हात लावणारी घरातली बाई. ओला कपडा, अनवाणी पाय. एमसीबी पडत नाही, कारण तो जादा करंटवर पडतो आणि माणसाचा जीव जायला तेवढा करंट लागतच नाही. खांबावर किंवा मीटरपाशी कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर काही तुटायचीही गरज नाही. एसी बसल्या जागी लाइव्ह होतो.

यात आणखी एक फसवणूक आहे. असा तुकडा जोडल्यावर फेज आणि अर्थच्या भोकात टेस्ट लॅम्प लावला तर तो लख्ख पेटतो. मालकाला वाटतं अर्थिंग एकदम पक्कं. प्रत्यक्षात तो दिवा न्यूट्रलवर पेटलेला असतो. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असेल तर या जोडणीमुळे तो मधूनच पडू शकतो, आणि मग ‘हाच खराब आहे’ म्हणून त्यालाच बायपास करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत स्वतंत्र इलेक्ट्रोड आणि तिथून बोर्डापर्यंत आलेली अखंड वायर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून एसीचं ड्रेनचं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात सोडा, हा मेसेजमधला सल्ला चुकीचा म्हणता येत नाही. फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एसी फार पाणी देत नाही, आणि खड्ड्याला ओल तेव्हाच हवी असते.

दुसरा मुद्दा गॅसचा. ‘व्हॅक्युम पंप हा पैसे काढायचा धंदा आहे. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून मशीनमधल्याच गॅसने पाइपातली हवा बाहेर ढकला, आणि गळती काडी पेटवून तपासा.’ हा पंप पाइपातली हवा आणि ओलावा शोषून काढतो. जुन्या आर-२२ गॅसच्या काळात हवा अशी गॅसने ढकलून काढायचे, आमच्या उस्तादांनीही काढली आहे, हे मान्य. आजच्या बहुतेक नव्या घरगुती एसीत आर-३२ हा गॅस असतो. तो सौम्य ज्वलनशील गटात, म्हणजे ए२एल वर्गात मोडतो. जळला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू निघतो, आणि मेसेज बंद खोलीत काडी ओढायला सांगतो! गळती साबणाच्या फेसाने तपासतात. माझ्यावर विश्वास नसेल तर खोक्यात आलेलं इन्स्टॉलेशन मॅन्युअल उघडा. व्हॅक्युम पंप वापरा, गॅसने हवा काढू नका, ज्योतीने गळती तपासू नका, अर्थ नीट जोडा, वायरची जाडी एवढी ठेवा, हे सगळं तिथे कंपनीनेच छापलेलं असतं. लोक ते खोक्यासकट भंगारात घालतात.

पाइपात राहिलेली हवा थंड होऊन द्रव बनत नाही. त्यामुळे बाहेरच्या युनिटमधल्या कंडेन्सरमधला, म्हणजे गॅस थंड होऊन द्रव होतो त्या जाळीतला, दाब चढतो आणि कॉम्प्रेसर तापतो. हवेतला ओलावा कॉम्प्रेसरच्या ऑइलमध्ये मिसळून आम्ल तयार होतं, ते मोटरचं वाइंडिंग खातं. मशीन पहिल्या दिवशी गार हवा देतं, म्हणूनच लोकांना ही युक्ती पटते. कॉम्प्रेसर नंतर जातो.

‘जाड वायर जास्त करंट ओढते, बिल वाढतं’ हे तर साफ खोटं. करंट मशीन ठरवतं, वायर नाही. दीड टनाचा एसी साधारण ७-८ अँपिअर घेतो आणि तासन्‌तास घेतो. दिव्या-पंख्याची वायर त्यात भिंतीच्या आत तापते. बोर्डापासून वेगळी लाइन, तिला स्वतःचा एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या.

बाकीचं थोडक्यात. गॅसच्या दोन्ही पाइपांना इन्सुलेशन वेगवेगळं हवं, एकत्र गुंडाळून चालत नाही. ड्रेनला सलग उतार हवा. आतल्या-बाहेरच्या युनिटमधली वायर पिळून टेप लावू नका. इन्व्हर्टर मशीनमध्ये त्याच वायरीतून दोन्ही युनिटं एकमेकांशी बोलतात, सांधा काळा पडला की स्क्रीनवर एरर येते.

पैशांची तक्रार मात्र खोटी नाही. जादा पाइप, स्टँड, भोक पाडणं असं करत काही जण बिल फुगवतात. म्हणून काम सुरू होण्याआधी फुटाला पाइपचा दर आणि स्टँडची किंमत लिहून घ्या, पाइप मोजताना शेजारी उभे राहा. आणि व्हॅक्युम पंप लावल्यावर गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मीटरचा, काटा खाली गेलेला, पंप बंद केल्यावरही तिथेच थांबलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू देऊ नका.