पद्मिनीचा शृंगार, अर्थात डॅशबोर्डची वाट

पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, तिचा डॅशबोर्ड नव्याने सजवायचाय? पहिलं काम: जुना डॅशबोर्ड भंगारात घाला. नवा मिळायच्या आधीच. जुना तुकडा हाताशी राहिला की माणसाला मापं घ्यायची खोड लागते. मीटरचं भोक किती मिलिमीटरचं, दोन स्क्रूंमधलं अंतर किती, नॉबच्या दांडीला आटे आहेत की नुसती खाच. मापं घेतली की दुकानदाराशी वाद होतो, आणि ओळखीच्या गावात वाद बरा नाही. नाशकात द्वारकेवरच्या दुकानात असो की गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, “फियाटचंच आहे साहेब, डोळे झाकून बसवा,” असं कोणी म्हणालं की खरोखर डोळे झाकावेत. 1964 ची फियाट डिलाइट आणि 1974 नंतरची पद्मिनी या एकाच घरच्या लेकी. मग एकीचं पोलकं दुसरीला बसलं नाही, तर दोष कानशीने घासून काढता येतो.

टॅक्सीतून काढलेला माल दिसला तर सोडू नका. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा विकणाऱ्याच्या बोलण्यात आता हळवेपणाही येतो. अशा पत्र्यात देवाची मूर्ती, उदबत्तीचं घर आणि छोटा पंखा यांसाठी पाडलेली भोकं फुकट मिळतात.

रंगाचा नमुना बॉनेटवरून घ्या. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे ऊन पोचलेलं नाही, तिथे मूळ रंग बऱ्याचदा शाबूत असतो. तिकडे बघायचं नाही.

आता रेक्झिन. चकचकीतच निवडा, म्हणजे दुपारी मुंबई नाक्यावर समोरच्या काचेत सिग्नलऐवजी तुमचाच डॅशबोर्ड दिसेल. खाली पाच-सहा मिलिमीटरचा फोम घाला. कारखान्यातून निघताना पत्र्यावर एवढी गादी नव्हती, त्यामुळे नॉबची दांडी आतच बुडते, मीटरची रिंग बसत नाही आणि ग्लोव्ह बॉक्सचं झाकण नव्या चपलेसारखं चावतं. चिकटवायला उष्णता सोसणारं अॅडहेसिव्ह कुशनवाल्याने सुचवलं तर महाग म्हणून नाकारा. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डचा माथा 70 अंशांच्या आसपास जातो. द्राक्षाचा बेदाणा करणाऱ्या या गावाला त्याचं नवल नाही. साधं सोल्युशन मऊ होतं आणि रेक्झिन आधी खोलगट जागांतून सुटतं. पहिल्या पावसाळ्यापर्यंत मीटरभोवती छान तंबू उभा राहतो.

नॉब आणि रिंगांचं क्रोम हा स्वतंत्र सोहळा. पुष्कळ जुने तुकडे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ते लोखंडाचे समजून अंबड-सातपूरच्या कुठल्याही प्लेटिंगवाल्याकडे टाका. लोखंडाचं जुनं क्रोम ज्या अॅसिडमध्ये काढतात, त्यात जस्त विरघळतं, आणि तुम्ही दिलेल्या चार नॉबांच्या बदल्यात चार खडे परत येतात. जाणकार माणूस आधी तांब्याचा पातळ थर, मग जाड तांबं, मग निकल आणि शेवटी क्रोम असा वेळ खातो. खड्डे तांब्याने भरून पुन्हा घासतो. त्यापेक्षा भांडी बाजारात घंघाळ चकाकवतात तसं जोरात बफिंग करा. चकाकी येईल, नॉबवरची अक्षरं जातील. वायपर कुठला नि लाइट कुठला, हे ओढून बघितल्यावर कळतंच.

नॉब मिळालाच नाही तर थ्रीडी प्रिंटिंग आहे. पीएलए नावाचं प्लास्टिक घ्या, स्वस्त पडतं. ते साठ अंशांना मऊ होतं, म्हणजे नॉब चैत्रात नॉब असतो आणि वैशाखात जिलेबी. एबीएस प्लास्टिक साधारण शंभर अंशांपर्यंत तग धरतं, पण त्यात गंमत नाही.

स्टीरिओसाठी पत्रा कापायलाच हवा: 182 बाय 53 मिलिमीटर, ग्राइंडरने. सीटखाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आत वेगळा बॉक्स लपवणं हे भित्र्यांचं काम. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हीए’ या व्हिंटेज मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये भरून. तपासणीच्या दिवशी ब्लूटूथचा निळा दिवा तेवढा बंद ठेवा.

वेगाचं मीटर निवडताना फक्त तबकडीचं सौंदर्य बघा. गिअरबॉक्सकडून येऊन काटा हलवणारी केबल एका किलोमीटरला किती फेरे घेते हा प्रश्न विचारू नका. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरोबर दहा मीटर ढकलायची, मीटरकडून सोडवलेल्या केबलचे फेरे मोजायचे आणि शंभरने गुणायचं, एवढंच ते गणित. फेरे 800 आणि मीटर 1000 फेऱ्यांचं असलं, तर 60 च्या वेगाला काटा 48 वर राहतो. घरच्यांना तुम्ही फार जबाबदार वाटता. केबलला मात्र टोकापर्यंत भरपूर ग्रीस लावा. वरचा वीतभर भाग कोरडा ठेवला तर ग्रीस फिरत फिरत मीटरमध्ये चढणार कसं?

आतले बल्ब सगळे एलईडी करा, चार्जिंगच्या लाल दिव्यासकट. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवला असेल, तर पुष्कळदा त्याला जागं करणारा प्रवाह याच दोन वॅटच्या बल्बातून जातो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही. वायरमन तुमच्या अल्टरनेटरचं कॉइल बदलून देईल, तुम्ही पैसे द्याल, बॅटरी तशीच उतरेल.

आणि पेट्रोलचा काटा! तो टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटच्या विद्युत रोधावर चालतो आणि दोघांची जोडी जुळावी लागते. काही काटे रिकाम्याला 10 आणि भरल्याला 180 ओहम धरतात, काही फ्लोट रिकाम्याला 240 आणि भरल्याला 33 देतात. दोन मिनिटं मल्टिमीटर लावला तर कळतं, म्हणून लावू नका. ही उलटी जोडी बसली की टाकी भरलेली असताना काटा तळाशी झोपतो आणि टाकी संपत आली की फुलवर जाऊन बसतो. मग मुंबईला निघा. इगतपुरीजवळच्या घाटनदेवीच्या आसपास गाडी आचके देऊन थांबेल. काटा फुल दाखवतोय, म्हणजे पेट्रोलचा प्रश्नच नाही. बॉनेट उघडा आणि कार्बोरेटर सोडवायला घ्या.