‘दोन सुटकेस आणि आठ डॉलर’: भारतीय आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या तुलनेविषयी

गेली काही वर्षे मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरतो आहे. त्याचा आशय असा की, भारतीय माणूस दोन सुटकेस आणि खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरला; वर्णद्वेष त्यालाही सोसावा लागला; पण त्याने सवलती मागितल्या नाहीत, मुलांना शिकवले, कुटुंब टिकवले, आणि आज तो त्या देशातला सर्वांत संपन्न समाज आहे. याउलट कृष्णवर्णीय समाज तिथे चारशे वर्षे आहे, १९६४ पासून त्याला कायद्याने समान हक्क आहेत, तरीही तो मागेच आहे. तेव्हा फरक संस्कारांचा आहे, दुसरे काही नाही. मजकुराच्या शेवटी भारतातल्या आरक्षणाला उद्देशून एखादे वाक्य बहुधा असते, आणि पुष्कळदा त्या एका वाक्यासाठीच वरचा सगळा मजकूर रचलेला आहे असे वाटते.

या मजकुरातले उत्पन्नाचे आकडे खोटे नाहीत, हे आधीच मान्य करायला हवे. अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न, म्हणजे ज्याच्या वर निम्मी आणि ज्याच्या खाली निम्मी कुटुंबे येतात तो आकडा, २०२३ च्या सुमारास दीड लाख डॉलरच्या आसपास होता. कृष्णवर्णीय कुटुंबांचा तोच आकडा ५५ हजारांच्या आसपास. इतकी मोठी दरी कोणीही नाकारत नाही. मात्र या आकड्यांतही थोडी गल्लत दडलेली आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाची तुलना करताना घरात कमावणारे किती, त्यांचे वय काय आणि ते राहतात कुठे, हे पाहावे लागते. भारतीय कुटुंबांत दोन कमावत्या व्यक्ती असण्याचे प्रमाण मोठे आहे, त्यांतले बहुतेक ऐन नोकरीच्या वयातले आहेत, आणि ती कुटुंबे न्यू जर्सी किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरासारख्या, पगारही मोठे आणि घरभाडेही मोठे अशा भागांत एकवटलेली आहेत. हे सगळे वजा केले तरी दरी उरतेच. म्हणून वाद तिच्या कारणांविषयी आहे.

पहिला मुद्दा सुटकेसचा. साठच्या दशकात परकीय चलनावर इतके कडक निर्बंध होते की परदेशी जाणाऱ्याला खरोखरच हातात मोजके डॉलर मिळत. ती आठवण खरी आहे आणि त्या पिढीचे कष्टही खरे आहेत. परंतु त्या सुटकेसमध्ये पदवीचे प्रमाणपत्र होते, आणि ते असल्याशिवाय ती सुटकेस विमानात चढलीच नसती. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्या स्थलांतर कायद्यावर सही केली, त्याने देशवार कोट्याची १९२४ पासूनची व्यवस्था मोडली आणि दोन मुख्य दारे उघडली: एक नातेवाइकांसाठी, दुसरे अमेरिकेला हव्या असलेल्या कौशल्यांसाठी. भारतीयांचे तिथे नातेवाईक जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे पहिली लाट दुसऱ्या दारातून आत गेली. १९६६ मध्ये वृद्धांसाठीची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना सुरू झाली, डॉक्टरांची मागणी वाढली, आणि मुंबई-पुण्याच्या सरकारी व महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून नाममात्र शुल्कात शिकलेले डॉक्टर तिकडे रुजू झाले. पवईच्या आयआयटीचे अभियंते गेले तेही असेच. त्यांच्या शिक्षणाचा खर्च भारतातल्या करदात्याने उचलला होता. ‘शून्यातून उभे राहिले’ असे म्हणताना हा खर्च हिशेबात धरायला हवा.

पुढे १९९० च्या कायद्याने आजचा एच-वन-बी व्हिसा आला आणि ही चाळणी आणखी बारीक झाली. या व्हिसाला साधारणपणे पदवी लागते, ती नोकरी देणारी कंपनी आधीच ठरलेली लागते, आणि दर वर्षी नव्याने मिळणाऱ्या ८५ हजार जागांतून नंबर लागावा लागतो. परिणाम असा की अमेरिकेतल्या प्रौढ भारतीयांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पदवीधर आहेत, तर २०११ च्या जनगणनेनुसार खुद्द भारतात ते प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. चाळणी जातीचीही आहे: राज्यशास्त्राचे अभ्यासक देवेश कपूर यांनी २००३ मध्ये केलेल्या पाहणीत भारतीय स्थलांतरितांत दलित आणि तथाकथित खालच्या जातींचे प्रमाण जेमतेम दीड टक्का आढळले होते. तेव्हा हा मजकूर ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवतो, त्यांतली एक आहे सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशातून निवडून घेतलेला सुमारे पन्नास लाखांचा थर, आणि दुसरी आहे पावणेपाच कोटींहून मोठा एक संपूर्ण समाज, त्यातल्या वृद्धांसह, बेकारांसह आणि तुरुंगातल्यांसह. शाळेतल्या गुणवत्ता यादीतल्या मुलांची सरासरी शेजारच्या शाळेच्या संपूर्ण वर्गाच्या सरासरीशी ताडून पाहण्यासारखे हे आहे. जे भारतीय या चाळणीतून गेले नाहीत, त्यांचे काय होते तेही आपण पाहिले आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला लष्करी विमानाने परत पाठवलेले १०४ भारतीय उतरले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. संस्कार त्यांचेही आपलेच होते.

दुसरा दावा असा की वर्णद्वेष दोघांनीही सारखाच सोसला. भारतीयांनी तो सोसला यात शंका नाही, आणि तो इतिहास नीट वाचला तर नेमका या मजकुराच्या विरोधात जातो. १९०७ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावातून लाकूडगिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना जमावाने मारहाण करून हुसकावून लावले. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने, नागरिक होण्यास अपात्र असलेल्यांना शेतजमिनीची मालकी नाकारली. १९१७ मध्ये भारतातून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद करण्यात आले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी स्थलांतरिताचा नागरिकत्वासाठीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्या या माणसाच्या बाजूने युक्तिवाद असा होता की ते उच्चवर्णीय आर्य वंशाचे असल्यामुळे गोरेच ठरतात. म्हणजे वर्णभेद चुकीचा आहे असे न म्हणता, आमची जात वरची असल्याने आम्हाला त्याच्या वरच्या पायरीवर घ्या, अशी ती मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली आणि आधी मिळालेली अनेकांची नागरिकताही काढून घेतली गेली. वैष्णो दास बगाई यांनी नागरिकत्व गेल्यानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली.

या काळात कॅलिफोर्नियातले पंजाबी शेतकरी कष्टाळू नव्हते का? होतेच, आणि कुटुंबवत्सल व काटकसरीही होते. तरीही १९४० च्या जनगणनेत अमेरिकेत भारतीयांची संख्या अडीच हजारांच्या आत उरली होती आणि त्यांतले बहुसंख्य शेतमजुरी करत होते. संस्कार तेच होते, कायदा विरोधात होता, आणि श्रीमंती आली नाही. १९४६ मध्ये वर्षाला शंभर माणसांचा कोटा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. खरे दार उघडले ते १९६५ मध्येच. तेही कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने वंशभेदी कायदे राजकीयदृष्ट्या लाजिरवाणे करून सोडल्यानंतर. ज्यांच्या लढ्यामुळे आपल्याला प्रवेश मिळाला त्यांनाच आपल्या यशाचे उदाहरण देऊन हिणवावे, हा कृतघ्नपणा त्या मजकुरात आहे आणि तो पुढे पाठवणाऱ्यांना बहुधा ठाऊकही नसतो.

तिसरा मुद्दा संस्कारांचाच. संस्कार हेच कारण असेल तर ते सगळीकडे सारखे लागू पडायला हवे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला नेलेल्या मराठी मजुरांनी गणपती सोडला नाही. आज तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. परंतु त्यांना गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत राबायला नेले होते, आणि मोठ्या मळ्यांची मालकी पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी फ्रेंच वंशाच्या कुटुंबांकडेच राहिली. दुसरे उदाहरण खुद्द अमेरिकेतले. भूतानमधून १९९० च्या सुमारास हाकलले गेलेले नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिले आणि २००८ पासून निर्वासित म्हणून अमेरिकेत वसवले गेले; ओहायोतल्या कोलंबसमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांत बहुसंख्य हिंदू आहेत, घरात आजी-आजोबा आहेत, देव्हारा आहे, दसरा आहे, तिहार म्हणजे त्यांची दिवाळी आहे. पदव्या मात्र नव्हत्या, आणि त्यांची पहिली पिढी गोदामांत व कारखान्यांत मजुरी करते. आता उलट बाजू पाहा: नायजेरियातून अमेरिकेत आलेल्या प्रौढांमध्ये पदवीधरांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे गोऱ्या अमेरिकनांहूनही बरेच वर. ते कृष्णवर्णीय आहेत, आणि तेही व्हिसाच्या चाळणीतून आले आहेत. निवडून आलेल्या भारतीयांशी तुलना करायचीच असेल तर ती या नायजेरियन डॉक्टर-अभियंत्यांशी करावी.

कुटुंबव्यवस्थेबाबतचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे तथ्य आहे: आज कृष्णवर्णीय मुलांचा फार मोठा भाग एकाच पालकाच्या घरात वाढतो. पण १९६० च्या सुमारास सुमारे दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय मुले आई-वडील दोघांसोबत राहत होती. संस्कार हे मूळ कारण असते तर ते गुलामगिरीच्या आठवणी ताज्या असताना अधिक बिघडलेले दिसायला हवे होते. मधल्या काळात डेट्रॉइट आणि शिकागोसारख्या शहरांतले कारखाने बंद पडले, ज्यांच्या भरवशावर दक्षिणेतून लाखो माणसे उत्तरेत आली होती. आणि १९८६ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने, गरीब वस्त्यांत विकल्या जाणाऱ्या पाच ग्रॅम ‘क्रॅक’साठी, म्हणजे खड्यांच्या रूपातल्या कोकेनसाठी, तीच किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली जी भुकटीच्या रूपातल्या पाचशे ग्रॅम कोकेनला होती. घरातले बाप कुठे गेले, या प्रश्नाच्या उत्तराचा बराच भाग इथे आहे. सगळा भाग नाही. पण ‘संस्कार’ या उत्तरापेक्षा पुष्कळच जास्त.

‘सवलती मागितल्या नाहीत’ हे विधान तर सरळ चुकीचे आहे. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची नोंद गोऱ्यांत झाली होती. ती बदलून अल्पसंख्याक म्हणून वेगळी गणना व्हावी यासाठी सत्तरच्या दशकात भारतीय संघटनांनीच प्रयत्न केले. त्यावर समाजात वादही झाला, कारण काहींना ते कमीपणाचे वाटले. १९८० पासून वेगळी नोंद सुरू झाली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाने सरकारी कंत्राटांत प्राधान्य मिळणाऱ्या ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ गटांत भारतीयांचा समावेश केला, आणि तोही भारतीयांच्या संघटनेने रीतसर अर्ज केल्यावर. यात लाजण्यासारखे काही नाही. कायद्याने दिलेली संधी घेतली इतकेच. फक्त ती घेऊन झाल्यावर, आम्ही काहीच घेतले नाही असे म्हणू नये.

राहिला १९६४ चा मुद्दा: साठ वर्षे समान हक्क मिळूनही काय केले? हा प्रश्न पगार आणि संपत्ती यांत गल्लत करतो. पगार एका पिढीत वाढू शकतो. संपत्ती बहुधा घराच्या रूपाने वारशाने येते, आणि अमेरिकेच्या मध्यमवर्गाचे घर सरकारने उभे करून दिले. १९३४ पासून केंद्र सरकारच्या हमीवर स्वस्त गृहकर्जे मिळू लागली, पण कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर लाल रंगाने ‘धोकादायक’ ठरवून वगळल्या गेल्या. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार बाहेर ठेवले गेले, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमकी हीच कामे करत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये शिक्षण आणि कर्जाची मोठी योजना आली. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात तिच्यातून हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली फक्त दोन. ज्यांनी स्वतःच्या बळावर काही उभारले त्यांचेही टिकू दिले गेले नाही: तुल्सा शहरातल्या ग्रीनवुड या भरभराटीच्या कृष्णवर्णीय पेठेचे सुमारे ३५ ब्लॉक (चार रस्त्यांमधले वस्तीचे चौकोन) १९२१ मध्ये जमावाने दोन दिवसांत जाळले. घरांच्या विक्रीत आणि भाड्यात भेदभाव करण्यावर बंदी आली ती १९६८ मध्ये, तोवर उपनगरांतली स्वस्त घरे विकली गेली होती आणि त्यांच्या किमती चढू लागल्या होत्या.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४,९००. ही दरी उत्पन्नातल्या दरीहून कितीतरी रुंद आहे, आणि समान पगाराच्या कुटुंबांतही ती शिल्लक राहते. १९४७ मध्ये ज्याला कर्ज मिळाले त्याचे घर आज नातवंडांच्या नावावर आहे. ज्याला नाकारले गेले त्याची नातवंडे भाड्याच्या घरात आहेत आणि कॉलेजसाठी कर्ज काढत आहेत. या हिशेबात १९६५ नंतर आलेल्या भारतीयांचा काही दोष नाही. पण त्यांना पुरावा म्हणून उभे करण्याजोगेही त्यात काही नाही, कारण जी शर्यत १९३४ ते १९६८ या काळात ठरली त्यात ते उतरलेलेच नव्हते.