काचेवरची म्हादई

अस्नोड्याच्या अलीकडे खडीचा टिप्पर माझ्या पुढे चालला होता. वर ताडपत्री होती, पण तिने खडीपेक्षा केबिनच जास्त झाकली होती. बायको म्हणाली, "अहो, अंतर ठेवा." मी म्हणालो, "ठेवलंय." तेवढ्यात काचेवर टक् असा आवाज झाला.

"काही नाही, किडा असेल," मी म्हणालो. किड्याचा आवाज टक् असा येत नाही हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. पण टिप्परवाल्याचा पाठलाग करून त्याच्याकडून एका खड्याचे पैसे मागणं माझ्या स्वभावात नाही, आणि बायकोच्या स्वभावात आहे. म्हणून मी किड्यावर ठाम राहिलो.

डिचोलीला घरी पोचल्यावर पाहिलं, तर काचेच्या डाव्या कोपऱ्यात चार आण्याच्या नाण्याएवढा डाग. एवढ्या जखमेत रेझिन भरून ती बुजवता येते आणि काम काहीशे रुपयांत आटोपतं, हे मला माहीत होतं. पण 'बघू' हा आमच्या घराण्याचा कुलमंत्र आहे. मी बघत राहिलो. शेजारच्या काकांनी नेलपॉलिश लावायला सांगितलं, मेहुण्याने टूथपेस्ट. दोन्ही लावून झालं. काच काही दिवस सुगंधी होती.

मग मे महिना तापला. पणजीत ऑफिसबाहेर गाडी दिवसभर उन्हात भाजून निघाली. संध्याकाळी मी आत बसलो, एसी पूर्ण सोडला आणि हवेचा झोत काचेवर वळवला. बाहेरून तापलेली, आतून गारठलेली काच. माझ्या डोळ्यांदेखत तडा वीतभर पुढे सरकला, तोही अगदी मुकाट्याने. त्यानंतर दर गतिरोधकाला तो बोटभर वाढू लागला.

जूनपर्यंत त्याची म्हादई झाली. उगम बायकोच्या बाजूला, प्रवाह माझ्या बाजूला, मध्ये दोन-तीन उपनद्या, आणि जबाबदारी कुणाची यावर अखंड वाद. खऱ्या म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक भांडतात, पण तिला निदान लवाद तरी मिळाला. त्याने 2018 साली निकाल दिला आणि तरीही भांडण चालूच आहे. आमच्या घरात तर लवादही नव्हता. "पोलीस तालांव देतील," म्हणजे दंडाची पावती फाडतील, एवढं बायकोने तीनदा सांगितल्यावर मी म्हापशाला काचवाल्याकडे गेलो.

त्याने तड्यावरून नख फिरवलं, डॉक्टर फिल्म उजेडात धरून बघतो तसं तोंड केलं आणि म्हणाला, "पात्रांव, हें आतां रावचें ना. काच बदलूंक जाय." म्हणजे काच बदलायलाच हवी.

"किती?"

"सगळं मिळून सात हजार दोनशे."

मी हादरलो. घरच्या खिडकीची अख्खी काच मी मागे किरकोळीत बसवून घेतली होती. तेव्हा त्याने मला शिकवलं. समोरची काच म्हणजे एक काच नव्हे. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, म्हणून फुटली तरी ती जागेवर राहते. दाराच्या काचा वेगळ्या, त्या फुटल्या की त्यांची खडीसाखर होते. शिवाय ही काच नुसती बसवलेली नसते, गाडीला चिकटवलेली असते. टपाचा भार काही अंशी तिच्यावर असतो आणि डावीकडची एअरबॅग फुगली की तिलाच टेकते. म्हणजे इतके दिवस बायकोची एअरबॅग म्हादईच्या उगमावर टेकणार होती. हे मी घरी सांगितलं नाही.

"गाडीला पावसाचा सेन्सर, नाहीतर काचेमागे कॅमेरा आहे?" त्याने विचारलं. माझ्या गाडीत पावसाचा सेन्सर म्हणजे गळकं दार. "मग नशीबवान तुम्ही," तो म्हणाला. काच बदलली की कॅमेऱ्याची जुळणीही पुन्हा करावी लागते आणि मग आकडा कुठल्या कुठे जातो.

तरी मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे एसी होता, फुकट कॉफी होती, म्हणजे आकडा वाढणार हे उघड होतं. काच 5,800, कडेची रबरी पट्टी 650, चिकटवायचा सीलंट 900, मजुरी 1,200, त्यावर 18 टक्के जीएसटी. एकूण 10,089. "पण विमा आहे ना सर!" काउंटरवरची मुलगी इतक्या आनंदाने म्हणाली, की मलाही वाटलं, तडा गेला ते बरंच झालं.

मग मी वही काढली. विम्यात काचेला घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापत नाहीत, हे फार सज्जनपणाचं. पण रबराला निम्मा कापतात, म्हणजे पट्टीचे करासकट 383 गेले. सीलंट उपभोग्य वस्तू, माझ्या पॉलिसीत ती बसत नाही, 1,062 गेले. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1,000 आपणच भरायचे. म्हणजे 'फुकट' काच 2,445 रुपयांना.

खरी मेख पुढे होती. चार वर्षं दावा केला नाही म्हणून मला हप्त्यात 45 टक्के सूट होती, पुढच्या वर्षी 50 झाली असती. दावा केला की सूट शून्य. मग पुन्हा 20, 25, 35, 45 अशी पायरी-पायरीने चढाई. माझ्या गाडीच्या नुकसानीपुरता हप्ता 5,200 धरला, तर पाच वर्षांत मिळून साडेसहा हजारांचा खड्डा. एकूण 8,945. म्हापशाचे 7,200. बायकोने वहीत डोकावून विचारलं, "एवढी गणितं शाळेत केली असतीत तर?"

मी म्हापशाला गेलो. पावसाची सर थांबायची वाट बघत दोन तास बसलो. काच बसली, कडेला चिकटपट्ट्या लागल्या. सूचना मिळाल्या: आज गाडी धुवायची नाही, एक काच बोटभर खाली ठेवायची, आणि दार आपटायचं नाही, नाहीतर आतल्या हवेच्या दाबाने ओला सीलंट सुटतो. त्या दिवशी आमच्या घरात गाडीचंच काय, फ्रिजचं दारही कुणी आपटलं नाही.

जुन्या काचेबरोबर फास्टॅगही गेला. तो बँकेतून पुन्हा मागवता येतो, मागवला. पण म्हापशाच्या राखणदार देवाचा, बोडगेश्वराचा, स्टिकरही गेला. तो बायकोने जत्रेतून आणला होता आणि तिला जत्रेतलाच हवा. जत्रा पौषात. तोवर नव्या काचेला राखणदार नाही, म्हणून रस्त्यात खडीचा टिप्पर दिसला की मी गाडी बाजूला घेतो आणि तो दिसेनासा होईपर्यंत भाजीपाव खातो. आठवड्यात चार-पाच टिप्पर सहज दिसतात. बायको म्हणते, याचाही वहीत हिशेब मांडा.

वही सापडत नाहीये.