वस्तू परत आली, तिची नोंद कुठे आहे?

लंडनहून वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर साताऱ्यात आली, तेव्हापासून एकच वाद घोळतो आहे: ती खरंच शिवाजी महाराजांची का? पेटीवरचा इंग्रजी मजकूर म्हणतो, हो; आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याला दिली, असंही सांगतो. पण याची खात्री देता येत नाही, हे ती देणारं लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगतं. कोणी दिली, कधी दिली, कशावरून म्हणता, हे रकाने वस्तू हातात आली त्या दिवशी भरले गेले नाहीत. दोनशे वर्षांनी आपण त्या कोऱ्या रकान्यांवरून भांडतो आहोत.

ब्रिटनमध्ये राहून अशा वस्तू परत आणण्याचा वाद वाचताना दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात. ‘आमच्या वस्तू परत द्या’ ही मागणी न्याय्य आहे. ‘तिकडेच नीट राहतात’ हे उत्तर तर २०२३ च्या ऑगस्टमध्येच निकालात निघालं. ब्रिटिश म्युझियममधल्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा मोडलेल्या निघाल्या, संचालकांना पद सोडावं लागलं. गेलेल्यांत बहुतेक वस्तू लहान रत्नं आणि दागिने होते, आणि त्यांची धड नोंदच झालेली नव्हती. जिची नोंद नाही, ती गेली हे तरी कळणार कसं?

म्हणून मला या वादापेक्षा उन्हाळ्यात संग्रहालयात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचं काम महत्त्वाचं वाटतं. इथल्या संग्रहालयांत अशा विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रदर्शनाची झगमग फार येत नाही. त्याला भांडारात बसवतात. संग्रहालयातल्या वस्तूंच्या नोंदींसाठी ‘स्पेक्ट्रम’ नावाची ब्रिटिश कार्यपद्धती आहे. तिच्यातल्या नऊ प्राथमिक प्रक्रियांत वस्तू आत येणं, दाखल होणं, तिची जागा, तिची यादी, तिचं बाहेर जाणं, हे सगळं येतं. विद्यार्थी यातलाच एखादा तुकडा हाताने शिकतो.

नंबर घालण्याचंच घ्या. वर्ष, त्या वर्षीचा गठ्ठा, त्यातली वस्तू, असा २०२५.१४.३ नंबर पडतो. पानदानाचं झाकण वेगळं निघत असेल तर त्यावरही नंबर हवा, नाहीतर पाच वर्षांनी झाकण एकीकडे आणि डबा दुसरीकडे. धातूवर किंवा मातीच्या भांड्यावर आधी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या राळेचा साधारण वीस टक्क्यांचा पातळ थर द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर पिगमेंट शाईने नंबर लिहायचा आणि वरून दुसऱ्या द्रावकातल्या राळेचा थर द्यायचा. वरचा थरही अ‍ॅसिटोनचाच असला तर खालचा थर सुटतो आणि नंबर फरफटतो. नेलपॉलिश वापरू नये. त्यातलं नायट्रोसेल्युलोज पिवळं पडतं आणि तडकतं. प्लास्टिक आणि रंगवलेल्या लाकडावर अ‍ॅसिटोन लावायचाच नाही. कापडाला सुती फीत दोन-तीन सैल टाक्यांनी शिवायची, कागदावर मऊ २बी पेन्सिल. बॉलपेन, सेलोटेप आणि रबरबँड भांडाराच्या दाराबाहेर. रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

यातलं काहीही महागडं नाही. पण जसंच्या तसं उचलून कोकणात चालणारही नाही. अ‍ॅसिटोन झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्या थरावर बसतं. जुलैत चिपळूणला घातलेला नंबर दुधाळ होईल. म्हणजे आपल्याकडे हे काम एप्रिल-मेमध्येच उरकायला हवं. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, भर पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले तर आत कोंडलेल्या ओलाव्याने बुरशी धरते. लोकरीला किंवा पैठणीला कसर लागली असेल तर कापड पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येतं, मात्र बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव थेट कापडावर जमतं.

पितळेच्या आणि कांशाच्या मूर्ती चिंच लावून चकचकीत करण्याची आपल्याकडे हौस आहे. ती मोडायला हवी. घासण्याबरोबर कोरलेली अक्षरंही झिजतात, आणि वस्तूचा बोलका पुरावा तोच असतो. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने घेतली, तिची ओळख पात्यावरच्या देवनागरी लेखामुळेच पक्की झाली. घासण्याऐवजी विद्यार्थ्याने पाहावं आणि लिहावं. ‘अवस्था चांगली’ हे काही लिहिणं नव्हे. ‘डाव्या काठाला ३ सेंमी चीर, तळाशी पोपटी भुकटी’ असं हवं. गडद, घट्ट बसलेला हिरवा थर असेल तर घाबरण्याचं कारण नाही, पण पोपटी भुकटी म्हणजे धातू आतून खाल्ला जातो आहे. ती मूर्ती त्याच दिवशी ओलावा शोषणारं सिलिका जेल घालून कोरड्या डब्यात वेगळी ठेवायची.

आता हे काम आपल्याकडे कुठे बसवता येईल ते पाहा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, आलं आहे. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास, म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. हे तास तिकीट खिडकीवर बसून आणि शेवटी रंगीत मुखपृष्ठाचा अहवाल बांधून संपवता येतात. किंवा पहिले तीन दिवस शिकण्यात घालवून, पुढचे बारा दिवस दोघांच्या जोडीने, एकाने वस्तू धरायची आणि दुसऱ्याने लिहायचं, रोज वीस छोट्या वस्तू नोंदवता येतात. एका जोडीच्या २४० वस्तू. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या छोट्या संग्रहालयाचं कपाट भरून काम झालं! सॉफ्टवेअरसाठी इंग्लंडकडे बघायचीही गरज नाही, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं ‘जतन’ आहेच. मात्र चार जोड्यांवर एक जाणता माणूस हवा, आणि तो दिवसभर हवा. सकाळी किल्ली देऊन संध्याकाळी सही करणारा नको.

पैशाचा प्रश्न मात्र इथेही सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये ज्याचं काम कायद्याने ‘नोकरी’ ठरतं त्याला किमान वेतन द्यावंच लागतं, पण अभ्यासक्रमाचा भाग असलेलं प्रशिक्षण आणि धर्मादाय संस्थांतली स्वयंसेवा त्यातून सुटते, आणि बरीच संग्रहालयं धर्मादायच असतात. भारतातून एक वर्षाच्या एमएला येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच पाहावी: प्रबंध लिहिण्याचा उन्हाळा ही व्हिसाच्या हिशेबात सहसा सुट्टी धरत नाहीत, आठवड्याला २० तासांची मर्यादा तेव्हाही लागू असते, आणि बिनपगारी कामाचे तासही तीत मोजले जाऊ शकतात.

आपल्याकडे विद्यावेतन नसेल तर पुण्या-मुंबईत घर असलेलीच मुलं येणार. मोडी शिकलेली नांदेडची मुलगी पंधरा दिवस पुण्यात राहणार कशी? खोलीभाडं, एसटीचा पास, दुपारचं जेवण एवढं संस्थेने किंवा विद्यापीठाने उचलावं. आणि तिने भरलेल्या प्रत्येक नोंदीखाली तिचं नाव आणि तारीख असावी, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर ही माहिती कोणी, कधी आणि कशावरून लिहिली हे तरी विचारता येईल.