डार्टमूरच्या पोनींना गाजरं नेऊ नका

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर थंडी पडली की एक व्हिडिओ फिरू लागतो. बर्फात माना खाली घालून उभी तट्टं, आणि खाली मजकूर: ‘डार्टमूरचे हे जंगली घोडे बेवारस आहेत. बर्फात उपाशी मरतायत, माळावरचं गवत संपलंय. जाताना गाजरं, सफरचंदं न्या.’ पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, म्हणूनच हे लिहितोय.

बेवारस म्हणाल तर एकही नाही. डार्टमूर हा नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला माळ, आपल्या गायरानाच्या जवळचा प्रकार. जमिनीची मालकी इतरांची, बरीचशी डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटिश युवराजाच्या जहागिरीची. चराईचा हक्क भोवतालच्या शेतकऱ्यांचा. त्यासाठी १९८५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. शरदात शेतकरी सगळे कळप हाकून खाली आणतात, त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. कुठलं जनावर कुणाचं ते खुणांवरून पाहतात, शिंगरं वेगळी काढतात आणि ठेवायची ती पुन्हा माळावर सोडतात.

उपाशी? त्या व्हिडिओतच नीट बघा, पाठीवरचा बर्फ वितळलेला नाही. दुपदरी दाट केसांमुळे अंगातली ऊब बाहेर जात नाही, म्हणून तो तसाच राहतो. मान खाली आहे ती चरण्यासाठी. गॉर्सची काटेरी झुडपंही ही तट्टं ओठ मागे ओढून, दातांनी अलगद खुडून खातात.

गवत संपल्याचं तर उलटंच आहे. मोलिनिया नावाच्या राठ गवतानं माळाचे मोठे पट्टे व्यापलेत आणि ते खाऊन, तुडवून मोकळं करायला पोनी हव्यात. उरल्यात जेमतेम हजार-दीड हजार.

आता गाजरं. मला सगळ्यात जास्त छळतो तो हा मुद्दा. माळावरच्या रस्त्यांना कुंपण नाही. गाडी थांबली की खाऊ मिळतो, हे एकदा कळलं की पोनी रस्त्याकडेलाच उभी राहते, तिच्यामागे शिंगरू. बऱ्याच रस्त्यांवर ताशी ४० मैलांची मर्यादा आहे. तरी अंधारात काळपट तपकिरी अंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे भलतंसलतं पोटात गेलं की पोटशूळ जिवावर बेततो. खाऊ घालायला डार्टमूर नॅशनल पार्कच्या नियमांतही बंदी आहे.

जखमी जनावर दिसलं तर जागा नीट टिपून ‘डार्टमूर लाइव्हस्टॉक प्रोटेक्शन सोसायटी’ या माळावरच्या जनावरांसाठीच्या संस्थेला फोन करा. आणि तो व्हिडिओ पुन्हा आला तर त्याखाली हे चिकटवा.